दर उन्हाळ्यात बंद पडणारा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर : वीजपुरवठ्यातील दोषाचा माग

आमच्या घरी १९७० च्या दशकातील एक जपानी बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. मामांनी तो १९८३ साली दुबईहून येताना सोबत आणला, त्यांच्या माघारी तो आमच्याकडे आला आणि आजही घरातील तबकड्या त्याच्यावरच वाजतात. गेली तीन वर्षे हा ॲम्प्लिफायर एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात ठरल्यासारखा बंद पडत होता. प्रत्येक वेळी तो दुरुस्तीला गेला, दोन-तीन दिवसांत सुरू होऊन परत आला, पावसाळा आणि हिवाळा उत्तम वाजला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच भागाने दगा दिला. चौथ्या वेळी मात्र मी तो स्वतः उघडला आणि जळलेला भाग बदलण्याआधी तो का जळतो हे शोधायचे ठरवले. त्या शोधातून जे हाती लागले ते येथे मोजमापांसह लिहीत आहे, कारण नागपुरात आणि एकूणच विदर्भात असे जुने संच जपणाऱ्या अनेकांना हाच त्रास होत असावा असे मला मनापासून वाटते.

लक्षणे अशी होती. ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर पहिली तीस-चाळीस मिनिटे सर्व काही ठीक चाले. त्यानंतर दोन्ही स्पीकरमधून एक खोल घरघर सुरू होई, ती हळूहळू वाढत जाई आणि तिच्यामागे संगीत विरल्यासारखे, दबल्यासारखे ऐकू येई. बंद करून तासभर थंड होऊ दिले की पुन्हा अर्धा तास सुरळीत. आठ-दहा दिवस असे चालल्यानंतर एके रात्री घरघर एकाएकी मोठी होई आणि मग थंड होऊनही ती जात नसे. दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीवर प्रत्येक वेळी एकच नोंद असे, ती म्हणजे रेग्युलेटरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) ट्रान्झिस्टर बदलला.

आधी घरघर नीट ऐका

ॲम्प्लिफायरचे झाकण उघडण्यापूर्वी कानांनी जेवढे कळते तेवढे कळून घ्यावे, कारण घरघरीचा सूरच पुष्कळ सांगून जातो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी वापरतो, त्यामुळे फिल्टर किंवा रेग्युलेटर कमकुवत झाल्यावर डीसीवर उरणारी लहर, म्हणजे व्होल्टेजमधील बारीक चढउतार, १०० हर्ट्झची असते. तारेचे कवच तुटले असेल, अर्थिंगचे वेटोळे तयार झाले असेल किंवा ब्रिजमधील एखादा डायोड उघडा पडला असेल, तर ५० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची घरघर येते. हा फरक ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गल्लीतील डीपीजवळ (वीजवितरणाच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) रात्री उभे राहिले की जो घुमणारा आवाज ऐकू येतो, त्याचा मूळ सूर १०० हर्ट्झचाच असतो, कारण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. स्पीकरमधील घरघर त्या सुराशी जुळत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा, आणि ती त्याहून खोल असेल, तर आधी तारा आणि जोडण्या तपासाव्यात.

दुसरी चाचणी आवाजाच्या बटणाची. सर्व इनपुट काढून टाका, विशेषतः टर्नटेबलची अर्थची तार, आणि आवाज पूर्ण कमी करा. घरघर कमी झाली, तर दोष आवाजाच्या नियंत्रणाच्या आधीच्या भागात आहे. ती तशीच राहिली, तर तो नंतरच्या टोन विभागात, पॉवर विभागात किंवा या सर्वांना वीज देणाऱ्या पुरवठ्यात आहे. तिसरी खूण म्हणजे दोष एका बाजूला आहे की दोन्ही. डावा आणि उजवा मार्ग स्वतंत्र असतात, वीजपुरवठा मात्र बहुतेक संचांत सामाईक असतो. आमच्या संचात १०० हर्ट्झची घरघर होती, ती दोन्ही बाजूंना सारखी होती आणि बटणाने कमी होत नव्हती. एवढ्यावरून वीजपुरवठा हेच ठिकाण ठरवता आले.

झाकण उघडण्यापूर्वी

या भागात मी जरा अधिक लिहितो, कारण येथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. पुढच्या पट्टीवरील खटका बंद केल्याने संच निर्धोक होत नाही, कारण खटक्यापर्यंत आलेल्या तारांवर घरातील विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) असतोच, म्हणून प्लग सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. त्यानंतरही मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरांत भार साठलेला असतो. १०,००० मायक्रोफॅरडच्या, ४२ व्होल्टवर भरलेल्या एका कॅपॅसिटरमध्ये जवळपास ९ ज्यूल ऊर्जा असते, आणि पेचकसाने त्याची दोन टोके जोडली तर ठिणगी उडून पेचकसाचे टोक, कॅपॅसिटरचे आतील जोड आणि प्रसंगी डोळाही दुखावतो. त्यासाठी २२० ओहम, १० वॅटचा रोधक (रेझिस्टर) घेऊन त्याला इन्सुलेटेड चिमटे लावावेत आणि तो प्रत्येक कॅपॅसिटरला वीस सेकंद जोडून ठेवावा. नंतर मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. दोन कॅपॅसिटर असतील तर दोन्ही रिकामे करावेत. एक रिकामा केला म्हणजे दुसराही झाला असे गृहीत धरू नये.

दुसरी गरज सिरीज बोर्डाची. जुने रेडिओ कारागीर ज्याला सिरीज बल्ब म्हणतात तोच हा. संचाच्या मार्गात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब घातला की आत शॉर्ट असला तरी प्रवाह बल्बाच्या मर्यादेतच राहतो. एलईडी बल्ब येथे चालत नाही. सुरू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर मोठा शॉर्ट नाही. तो प्रखरच राहिला, तर लगेच बंद करून ब्रिज आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. मात्र बल्ब मार्गात असताना आतील सर्व दाब कमी दिसतात, म्हणून अंतिम मोजमाप बल्ब काढूनच घ्यावे लागते, आणि ते घेताना एक हात संचापासून दूर ठेवण्याची सवय फार मोलाची आहे.

फ्यूजबद्दलही येथेच सांगतो. ठरावीक मूल्याचा, मंद गतीने वितळणारा फ्यूज जातो म्हणून मोठ्या मूल्याचा बसवणे किंवा त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळणे हे मी अनेक संचांत पाहिले आहे. जुना ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसा दुसरा मिळत नाही, त्यामुळे हा उपाय कोणीही, कोणत्याही घाईत करू नये.

मोजमापे काय सांगत होती

आमच्या संचाची रचना त्या काळातील अनेक संचांसारखीच आहे. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिजमधून अधिक-उणे ४२ व्होल्टचा मुख्य पुरवठा मिळतो, जो थेट पॉवर विभागाला जातो. अधिक बाजूच्या याच ४२ व्होल्टमधून १०० ओहमचा एक रोधक, त्यानंतर मालेत जोडलेला एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसवर (नियंत्रण करणाऱ्या पायावर) दाब २४ व्होल्टवर रोखून धरणारा झेनर डायोड, अशा साध्या रेग्युलेटरने टोन आणि फोनो (टर्नटेबलच्या) विभागांना सुमारे २३.४ व्होल्ट दिले जातात. झेनरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा एक छोटा कॅपॅसिटर आहे. आकाराने तो क्षुल्लक वाटतो, पण बेसवरील लहर शोषून घेण्याचे सगळे काम त्याच्याकडे असते, आणि बेसवर जे उमटते तेच एमिटरमार्गे (बाहेर देणाऱ्या पायामार्गे) पुढे जाते.

पहिले मोजमाप मुख्य पुरवठ्याचे. सर्किटच्या आकृतीत ४२ व्होल्ट छापलेले असताना मीटरवर ४७.३ दिसले. मी ते तीनदा मोजले. मुख्य कॅपॅसिटरांवर ५० व्होल्टची मर्यादा लिहिलेली आहे, म्हणजे ते अगदी काठावर चालत होते. दुसरे मोजमाप लहरीचे. स्वस्त मीटर एसी दाखवताना डीसीही त्यात मिसळू शकतो, म्हणून मीटरच्या एका तारेत ०.१ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा कॅपॅसिटर मालेत घालून एसी मोजावे. मुख्य पुरवठ्यावर संच शांत असताना ४५ मिलिव्होल्टच्या आसपास लहर दिसली. शांत स्थितीतील सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह आणि १०,००० मायक्रोफॅरड यांच्या हिशेबाने शिखरापासून तळापर्यंत ०.१५ व्होल्ट येतात आणि मीटरवर त्याचे ४० ते ४५ मिलिव्होल्ट दिसतात. म्हणजे मोठे कॅपॅसिटर पन्नाशीकडे झुकलेले असूनही अजून धडधाकट होते.

तिसरे मोजमाप रेग्युलेटरच्या पुढचे, आणि तेथेच गडबड उघडी पडली. जेथे २३.४ व्होल्ट हवे होते तेथे ३७ व्होल्ट होते आणि जेथे दोन-तीन मिलिव्होल्टपलीकडे लहर नसावी तेथे ती मुख्य पुरवठ्याइतकीच होती. ट्रान्झिस्टर बाहेर काढून मीटरच्या डायोड चाचणीवर तपासला, तर कलेक्टर आणि एमिटर एकमेकांना चिकटले होते. असे झाले की एमिटरचा दाब बेसपेक्षा वर जातो, बेस-एमिटरचा जोड उलट दिशेने फुटतो आणि जादा प्रवाह झेनरमध्ये उतरतो, म्हणून ट्रान्झिस्टरबरोबर झेनरही नेहमी तपासावा. आधीच्या दुरुस्त्यांत तो बदलल्याची नोंद नव्हती. पुढच्या विभागांतील २५ व्होल्ट मर्यादेचे छोटे कॅपॅसिटरही अशा वेळी फुगतात, त्यामुळे त्यांच्या माथ्यावरून बोट फिरवून पाहावे.

येथपर्यंतचे काम आधीच्या प्रत्येक दुरुस्तीत झालेले होते. नवा ट्रान्झिस्टर बसवून मीही त्याच दिवशी संगीत ऐकू शकलो असतो. तसे न करता मी महाल भागातील एका वयस्क रेडिओ कारागिरांकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो, आता ते दुकान चालवत नाहीत, पण विचारले तर आनंदाने सांगतात. त्यांनी ट्रान्झिस्टरकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढेच म्हणाले, "भाऊ, हा उन्हाळ्यातच काहून जाते, ते पाहा आधी. अन् ठेवता कुठं त्याले?"

उन्हाळ्यातच का

हा प्रश्न हाती घेतल्यावर उत्तर तीन ठिकाणी सापडले, आणि तिन्ही एकत्र आल्याशिवाय ट्रान्झिस्टर जळत नव्हता. म्हणूनच हिवाळ्यात सर्व काही ठीक दिसत होते.

पहिले कारण घरातील दाब. आमचे घर डीपीपासून दुसरे आहे. डीपीजवळच्या घरांना ओळीच्या टोकाकडील घरांपेक्षा दाब थोडा अधिक मिळतो, हे स्वाभाविक आहे. आठवडाभर नोंद ठेवली तेव्हा दुपारी २३२ ते २३६ व्होल्ट आणि रात्री अकरानंतर २४६ ते २४८ व्होल्ट असे आकडे आले. आणि आमचे ऐकणे रात्रीचेच. संचाच्या पाठीमागे दाब निवडण्याची गोल खुंटी आहे, तिच्यावर ११०, १२०, २२० आणि २४० असे चार आकडे आहेत, आणि ती दुबईहून आली तशीच २२० वर होती. २२० च्या वेटोळ्याला २४८ व्होल्ट दिले की आतील प्रत्येक दाब सुमारे पावणेतेरा टक्क्यांनी वाढतो. ४२ चे ४७.३ होण्याचे कोडे येथे सुटले. चाळीस वर्षांत ही खुंटी कोणी पाहिली नव्हती, कारण संच त्या स्थितीत चालतच होता.

दुसरे कारण सर्व भाग बसवलेल्या पाटीवर (सर्किट बोर्डावर) होते. ट्रान्झिस्टरच्या शेजारी दोन रिकामी, रुंद छिद्रे होती आणि त्यांच्याभोवती जुन्या डागाचा (सोल्डरचा) ठसा होता. मूळ ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमचे एक लहान पाते, म्हणजे हीटसिंक, जोडलेले होते आणि त्याचे पाय या छिद्रांत बसत होते. पहिल्या दुरुस्तीत नव्या ट्रान्झिस्टरचे भोक जुन्या पात्याशी जुळले नसावे आणि पाते वगळले गेले. पुढच्या दोन्ही वेळी ते मुळात होते हेच कोणाला माहीत नव्हते.

आता हिशेब पाहा. पर्यायी म्हणून बसवलेला बीडी १३९ हा चांगला आणि सहज मिळणारा ट्रान्झिस्टर आहे, पण हीटसिंकशिवाय तो दर वॅटमागे भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे १०० अंश सेल्सिअसने आतून तापतो, आणि त्याची आतील मर्यादा १५० अंशांची आहे. टोन आणि फोनो विभाग मिळून ५५ मिलिअँपिअर घेतात. ४७.३ व्होल्टमधून रोधकावरील साडेपाच आणि पुढे जाणारे २३.४ वजा केले की ट्रान्झिस्टरवर १८.४ व्होल्ट उरतात, म्हणजे एक वॅट उष्णता, म्हणजे १०० अंशांची वाढ. जानेवारीत संचाच्या आत, पाटीजवळ ३५ अंश असतात, बेरीज १३५ च्या घरात जाते आणि ट्रान्झिस्टर कसाबसा तगतो. मे महिन्यात त्याच जागी थर्मामीटर ठेवून मी ६० अंश मोजले. बेरीज १६० वर गेली की तो तगणे शक्य नाही. आधी तो गळू लागतो, मग एके रात्री चिकटून बसतो.

तिसरे कारण ते ६० अंश कोठून आले हे होते. संच काचेच्या शोकेसमध्ये, मागून बंद खणात होता, त्याच्या जाळीवर विणलेला रुमाल होता आणि रुमालावर टर्नटेबल. आम्ही ते शोभेसाठी आणि धुळीपासून जपण्यासाठी केले होते. शयनगृहात कूलर असल्याने दिवाणखान्यात रात्रीही ३७-३८ अंश असत आणि खणातील हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. जेथे कूलरच संचाच्या खोलीत आहे, तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते. कूलरची ओलसर हवा थेट संचावर येऊ देऊ नये, कारण तिने खटक्यांचे आणि रिलेचे स्पर्शबिंदू काळवंडतात.

तीस-चाळीस मिनिटांनी सुरू होणारी आणि थंड झाल्यावर जाणारी जी पहिली घरघर होती, तिचे कारण मात्र ट्रान्झिस्टर नव्हता. शेजारच्या १०० मायक्रोफॅरड कॅपॅसिटरची धारिता ३१ इतकीच उरली होती. वर्षानुवर्षे तापलेल्या ट्रान्झिस्टरला टेकून असल्यामुळे त्यातील द्रव सुकला होता. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातील प्रचलित अंदाज आहे. त्याशिवाय ट्रान्झिस्टरच्या पायांभोवतीच्या डागांना केसासारखी वर्तुळाकार चीर पडलेली होती. अशी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग आणि तिरपा प्रकाश घेऊन पाटी हळूहळू फिरवली की चमकणारे कडे दिसते. संच तापला की धातू प्रसरण पावतो आणि तो जोड सुटू लागतो. लाकडी काडीने पाटी हलके दाबल्यावर घरघर बदलली, तर असा जोड आहे हे नक्की समजावे.

याच पाटीवर मोठ्या कॅपॅसिटरांच्या बुडाशी तपकिरी, टणक झालेला गोंद होता. त्या काळातील जपानी संचांत हा गोंद सर्रास आढळतो. तो मुळात फिकट पिवळसर असतो, उष्णतेने काळसर होत जातो आणि जुना झाला की थोडा विद्युतवाहक बनून खालचे तांबे आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या धारेने तो हळूहळू खरवडून काढावा, आणि त्याखाली हिरवट झालेला डायोडचा किंवा रोधकाचा पाय दिसला तर तो भाग बदलून टाकावा.

दुरुस्ती

नागपुरातील बर्डीवरील सुट्या भागांच्या दुकानांतून जे आणले ते फार नव्हते: बीडी १३९, २४ व्होल्टचा एक वॅटचा झेनर, १०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्ट आणि १०५ अंश मर्यादेचा कॅपॅसिटर, १०० ओहमचा दोन वॅटचा रोधक, एक लहान ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्याला लावायचे पांढरे कंपाउंड. पर्यायी ट्रान्झिस्टर बसवताना पायांचा क्रम दोन्हींच्या माहितीपत्रकांत पाहूनच घ्यावा. उदाहरणार्थ, बीसी ५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो, तर त्याच आकाराच्या पुष्कळ जुन्या जपानी ट्रान्झिस्टरांत एमिटर, कलेक्टर, बेस असा असतो, आणि जसाच्या तसा बसवला की नवा भाग पहिल्याच क्षणी जातो. बीडी १३९ च्या मागील धातूचा पत्रा कलेक्टरशी जोडलेला असतो. म्हणून हीटसिंक धातूच्या सांगाड्याला टेकणार असेल, तर मध्ये मायका (अभ्रकाची विद्युतरोधक चकती) घालणे आवश्यक आहे.

जुने डाग पंपाने पूर्ण उपसून, तांबे अल्कोहोलने पुसून मगच नवा डाग द्यावा. जुन्या डागावर नवा चढवल्याने चीर आतच राहते. ही पाटी कागदी फिनॉलिकची आणि एकाच बाजूला तांबे असलेली आहे, त्यामुळे डाग देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा अधिक ठेवली तर तांब्याचे कडे उचलले जाते. रोधक पाटीपासून अर्धा सेंटीमीटर वर उचलून बसवला आणि नवा कॅपॅसिटर हीटसिंकपासून शक्य तितका दूर वळवला.

पाठीमागची खुंटी २४० वर आणली. हे काम प्लग काढूनच करायचे आहे, आणि संच १२० किंवा ११० वर नाही ना हे दोनदा वाचूनच प्लग लावायचा आहे. ज्यांच्या संचाला अशी निवडच नाही, फक्त २२० लिहिलेले आहे, त्यांनी व्हेरिॲक (दाब कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) वापरावा किंवा जाणकाराकडून दाब पंधरा-वीस व्होल्टने उतरवणारा ट्रान्सफॉर्मर करून घ्यावा. घरगुती रिलेचा स्टॅबिलायझर दाब पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, म्हणून त्याच्या आऊटपुटवर खरोखर किती व्होल्ट मिळतात हे रात्रीच्या वेळी मोजल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

या निमित्ताने जुने सगळेच कॅपॅसिटर बदलून टाकावेत, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मला तो पटत नाही. ज्या मोठ्या कॅपॅसिटरची लहर हिशेबात बसते, ज्याचा माथा सपाट आहे आणि ज्याच्या बुडाशी ओल नाही, त्याला हात लावण्याचे कारण नाही. जुन्या पाटीवरील प्रत्येक अनावश्यक डाग हा तांबे उचलले जाण्याचा नवा धोका असतो, आणि एकाच वेळी चाळीस भाग बदलले की नवा दोष कोणत्या भागाने आणला हे शोधणे अतिशय कठीण होते. एक भाग मात्र मी मोजमापाशिवायच बदलला. खटक्याला समांतर असलेला ठिणगीशामक कॅपॅसिटर थेट घरातील दाबावर असतो आणि त्याच्या कवचाला चिरा पडल्या होत्या. त्याच्या जागी एक्स-२ प्रतीचा, २७५ व्होल्ट एसीचा, तेवढ्याच धारितेचा कॅपॅसिटर बसवला.

तपासणी

पहिल्यांदा सिरीज बोर्डवरून, स्पीकर न जोडता संच सुरू केला. बल्ब उजळून मंद झाला. मग बोर्ड काढून थेट जोडणी केली आणि सर्वांत आधी स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजले. डावीकडे ११ आणि उजवीकडे १८ मिलिव्होल्ट आले. येथे ५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक दिसले तर स्पीकर जोडू नयेत, दोष पॉवर विभागातही आहे असे समजून थांबावे. त्यानंतर मुख्य पुरवठा ४३.४ व्होल्ट, रेग्युलेटरच्या पुढे २३.५ व्होल्ट आणि लहर २ मिलिव्होल्ट. बदललेल्या मांडणीत ट्रान्झिस्टरवर ०.८ वॅट उष्णता होते आणि हीटसिंकसह दर वॅटमागे सुमारे ३५ अंश वाढ धरली, तर खोक्यातील हवा ६० अंशच राहिली तरी आतील तापमान ८८ च्या आसपास थांबते.

दोन तास संच चालू ठेवून दर पंधरा मिनिटांनी हेच आकडे पुन्हा घेतले. ताप वाढल्यावरच दिसणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत सापडत नाही, म्हणून दुरुस्तीहून आणलेला संचही दुकानात पाच मिनिटे ऐकून घरी नेऊ नये. शक्य असेल तर तासभर तेथेच वाजवून घ्यावा. शोकेसच्या खणाची मागची फळी काढली, रुमाल काढला, टर्नटेबल वेगळ्या स्टुलावर ठेवले आणि संचाच्या वर एक वीत जागा मोकळी सोडली.

त्यानंतर हा उन्हाळा गेला. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, नऊही रात्री मी मुद्दाम संच रोज दोन तास चालवला. खोक्यातील तापमान ५१ अंशांवर गेले नाही आणि रेग्युलेटरचा दाब २३.४ ते २३.६ च्या बाहेर पडला नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर दुरुस्तीची तारीख, खुंटीची स्थिती, चार ठिकाणचे दाब, बसवलेल्या ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम आणि 'हीटसिंक काढू नये' एवढे लिहिले आहे, म्हणजे यापुढे जो कोणी हा संच उघडेल त्याला ती दोन रिकामी छिद्रे शोधत बसावे लागणार नाही.